वाचनखुणेचे लाल टोक

भाचीच्या पत्राला उत्तर द्यायचे राहून गेले होते. राहून गेले म्हणजे विसरले होते असे नाही. विसरले असते तर ती आणखी एक काळजी झाली असती. पत्र मोठ्या शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात होते आणि कोणत्या पानात होते तेही प्रूफवाल्यांना ठाऊक होते. म्हणूनच हल्ली एखादा शब्द अडला तरी ते दुसऱ्या खंडाला हात लावत नसत. पहिल्या खंडात भागेल तेवढेच शब्द त्यांना अडत होते.

प्रूफवाले हे काही त्यांचे नाव नव्हे. उभे आयुष्य छापखान्याच्या मागच्या खोलीत मुद्रिते तपासण्यात गेले, म्हणून शेजारपाजारचे लोक त्यांना त्या नावाने ओळखत. दुसऱ्याच्या चुका काढणारा माणूस स्वतःबद्दल निर्धास्त असेल असे लोकांना वाटते. प्रूफवाल्यांचे उलटे होते. इतक्या चुका पाहिल्यावर आपल्यातही त्या असणारच, फक्त त्या काढायला कोणी ठेवलेले नाही, असे त्यांना कायम वाटे. दाराला कुलूप लावून चार पावले गेले की ते परत येत, कुलूप ओढून पाहत आणि आपल्याला कोणी पाहिले का तेही पाहत.

छापखान्यातल्या थोरल्या मुद्रितशोधकाने त्यांना पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवली होती. ओळ वाचली की तिच्यापुढे खूण करायची. कुणी विचारले, ही ओळ वाचलीस का, तर ‘आठवतंय’ म्हणायचे नाही, खूण दाखवायची. खूण नसेल तर वाचलेली नाही. आणि प्रत्येक पानाचे दुसरे वाचन झालेच पाहिजे. प्रूफवाल्यांच्या भित्र्या स्वभावाला हा नियम असा काही मानवला की नोकरी सुटली तरी तो सुटला नाही.

भाची त्यांच्या थोरल्या बहिणीची मुलगी. लहानपणी ती मामाला पत्रे लिही आणि मामा ती लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवी. दुसरे कुणी पोर रुसले असते. ही हसायची आणि मुद्दाम चुका करायची. आता ती दूरच्या शहरात मेंदूवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत होती. मध्ये येऊन दोन दिवस राहून गेली आणि परतल्यावर तिने पत्र लिहिले. मामा फोनवर ‘हं’ आणि ‘बरं’ यापलीकडे बोलत नाहीत हे तिला माहीत होते.

“मामा,” तिने लिहिले होते, “इन्सुलिन म्हटलं की आपल्याला फक्त साखर आठवते. पण मेंदूतल्या पेशीसुद्धा इन्सुलिनची हाक ऐकतात. ती ऐकू आली की त्या एकमेकींशी नीट बोलतात, नवी गोष्ट धरून ठेवतात. बारीक रक्तवाहिन्याही जरा सैल होतात आणि जिथे काम चाललंय तिथे रक्त पोचतं. मधुमेह जुना झाला की काही माणसांच्या मेंदूला ही हाक कमी ऐकू येत असावी, असा आम्हाला संशय आहे. संशयच आहे अजून. तो खरा की खोटा ते पाहायला आम्ही नाकात इन्सुलिनचा बारीक फवारा देतो आणि मेंदूत रक्त कसं फिरतं त्याची चित्रं घेतो. मामींनी यावं असं मला वाटतं. खरं तर तुम्ही दोघांनीही यावं. कळवा.”

साधे पत्र होते. पण प्रूफवाल्यांनी ते मुद्रित वाचावे तसे वाचले आणि ‘मामींनी यावं’ पाशी ते अडले. भाचीने दोन दिवसांत काय पाहिले? बायको शिवताना घालायचे अंगठ्यातले टोपण अंगठ्यात असतानाच शोधत होती ते? ती आयुष्यभर कोट शिवणारी बाई; गिऱ्हाईक दारातून आत आले की त्याच्या खांद्याचे माप नजरेने सांगायची. आणि मग ‘तुम्ही दोघांनीही’. हे ‘दोघांनीही’ मागाहून सुचल्यासारखे का घातले? आपण तिला चहाचे दोनदा विचारले होते. दोनदा की तीनदा?

फवाऱ्याचाही त्यांना संशय आला. नाकातून औषध थेट डोक्यात जाते म्हणजे काय? आपल्या बायकोच्या डोक्याची चित्रे काढून ही मंडळी एकमेकांना दाखवणार, आणि त्या चित्रात काही दिसले म्हणजे मग ते असणारच. तोवर नव्हते असे म्हणता येत होते. त्यांनी पत्र शब्दकोशात घातले. बायकोला सांगितले नाही.

पण एकदा संशय आला की माणूस पुरावे गोळा करत सुटतो.

बायकोला रोज सकाळी न्याहारीआधी इन्सुलिनचे इंजेक्शन असे. दिवसातून एकदाच, हळूहळू दिवसभर पुरणारे. तिची बोटे सुईच्या कामाने वाकडी झाली होती म्हणून इंजेक्शनचे ते पेन प्रूफवालेच टोचत. टोचल्यावर लगेच खूण. त्यासाठी त्यांनी एक युक्ती केली होती. जेवणाच्या टेबलावर त्यांचे एक जुने पुस्तक कायम असे. मुखपृष्ठ गेलेली कादंबरी, तरुणपणी त्यांनीच तपासलेली. नाक्यावरच्या वजनकाट्यावर बसणाऱ्या एका कारकुनाची गोष्ट. त्यात पुठ्ठ्याची लांबट वाचनखूण होती, एक टोक लाल, एक पांढरे. झोपण्यापूर्वी ते लाल टोक वर करून ठेवत: उद्याचे द्यायचे आहे. सकाळी टोचले की पांढरे वर: दिले. मग ते वाचनालयात वर्तमानपत्रे वाचायला जात आणि जेवायला परत आले की हात धुण्याआधी पुस्तकाकडे पाहत. दुसरे वाचन.

या युक्तीबद्दल ते घरात बोलले नव्हते. एवढी साधी गोष्ट लक्षात ठेवायला आपल्याला पुठ्ठा लागतो, हे सांगायची त्यांना लाज वाटे.

पहिल्यांदा ते घडले त्या दिवशी वाचनालयातून परतल्यावर पाहतात तर लाल टोक वर. सकाळी टोचल्यासारखे वाटत होते, पण रोजच टोचल्यासारखे वाटणार. रोजची सकाळ सारखीच.

“अगं, आज इंजेक्शन राहिलं की काय?”

“दिलंत ना,” बायको म्हणाली.

“नक्की?”

“म्हणजे, दिलंत असं वाटतंय. का?”

‘आठवतंय’, ‘वाटतंय’ असले शब्द त्यांनी आयुष्यभर ज्या कारणासाठी टाळले तेच कारण समोर उभे होते. त्यांनी पेन काढले. तिने कुरकुरत टोचून घेतले. आणि त्या दिवशी दुपार कलताना ती खिडकीशी बसल्या बसल्या एकदम म्हणाली, “माझी कात्री कुणी उचलली?”

“तुझ्या मांडीवर आहे.”

“आत्ता ठेवलीत. मी पाहत नाही असं वाटतं तुम्हाला.” तिच्या कपाळावर घाम होता आणि नजर कुणा परक्याकडे पाहावे तशी. “हल्ली तुम्ही माझ्या वस्तू हलवता. कपाटात काय लपवलंय ते मला माहीत आहे.”

कपाटात शब्दकोश होता. पण ते पत्र हिला ठाऊक असणे शक्य नव्हते. म्हणजे हे त्या आजाराचे बोलणे. वाचनालयातल्या आरोग्याच्या पुस्तकात त्यांनी वाचले होते, विसरणाऱ्या माणसांना जवळचीच माणसे चोर वाटू लागतात. संध्याकाळी जेवण झाल्यावर ती पुन्हा पहिल्यासारखी झाली आणि ‘दुपारी जरा डोकं धरलं होतं’ एवढेच म्हणाली.

असे आणखी काही वेळा झाले. लाल टोक वर, ‘दिलंत की’, टोचणे, आणि दुपारी घाम, थरथर, संशय. एकदा ती म्हणाली, चहात काय घालता? एकदा तिने त्यांना दारात अडवून विचारले, तुम्ही कोणाला पत्रं लिहिता? प्रूफवाल्यांच्या हिशेबी सगळे स्पष्ट होत चालले होते. सकाळची गोष्ट दुपारपर्यंत तिच्या ध्यानात राहत नाही. आधी तिला ‘दिलंत’ असे नुसतेच वाटायचे, आता ती छातीठोकपणे सांगते. म्हणजे आजार वाढला.

मधूनमधून त्यांना दुसराही संशय यायचा: आपल्यामागे कुणीतरी आपल्या वस्तू वापरते. त्यांची खुर्ची खिडकीकडे वळलेली असायची. घरी पडून असलेल्या त्यांच्या जुन्या जाड भिंगाच्या चष्म्यावर बोटांचे ठसे असायचे. इन्सुलिनचे पेनही हल्ली लवकर संपू लागले होते. त्यांनी औषधाच्या दुकानात जाऊन भीत भीत विचारले, पेन पूर्ण भरलेले येते ना? दुकानदाराने असे काही पाहिले की ते दोन दिवस त्या रस्त्याने गेले नाहीत.

“आता तो औषधवालाही चोर का?” बायको म्हणाली. “राहता राहिला पोस्टमन.”

डॉक्टरांना दुपारचे त्यांनी काही सांगितले नाही. सांगितले की ते खरे होईल असे वाटे. उलट सकाळची साखर एकदोनदा इतकी छान आली की डॉक्टरांनी शाबासकी दिली. आजार वाढतो आहे आणि साखर सुधारते आहे, हे त्यांना विचित्र वाटले खरे. पण आपल्याला काय कळते, असे म्हणून त्यांनी ते सोडून दिले.

त्या दिवशी ते वाचनालयातून आले आणि सवयीने पुस्तकाकडे पाहिले. लाल.

“इंजेक्शन राहिलं,” ते म्हणाले.

“कसं राहील? सकाळी मी पोट उघडं टाकून बसले होते आणि तुम्ही चष्मा शोधत होतात.”

“ते काल.”

“काल तुम्ही शोधत नव्हतात. काल मी शोधून दिला होता. आज मिळेपर्यंत माझा चहा गार झाला.”

प्रूफवाले क्षणभर घुटमळले. चहा गार झाल्याचे त्यांनाही आठवत होते. पण तो कोणता चहा?

“नाही दिलेलं. मला ठाऊक आहे.”

“तुम्हाला ठाऊक आणि मी खोटी?”

“खोटी नाही गं,” ते खाली पाहत म्हणाले. “तू विसरतेस.”

इतक्या दिवसांत तो शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला. बायकोने हातातले भांडे ओट्यावर ठेवले. मग खुर्चीवर बसली आणि पोटावरचा कपडा वर केला.

“टोचा. होऊ दे तुमचं समाधान. त्या काट्यावरच्या कारकुनासारखं झालंय तुमचं. घरात पाव आणला तरी दोनदा तोलायचा, आणि वजन वेगळं आलं की काट्यावर नाही, बायकोवर संशय.”

प्रूफवाल्यांनी मात्रा लावली, टोचले, मनात दहा आकडे मोजले, सुई काढली. वाचनखूण उलटी केली. पांढरे वर. हात धुतले. जेवायला बसले. बायकोने समोर ताट आपटल्यासारखे ठेवले आणि स्वतः बसली. त्यांनी पहिला घास उचलला.

तो घास तोंडापर्यंत गेला नाही.

काट्यावरचा कारकून?

त्या कारकुनाबद्दल ते घरात कधी चकार शब्द बोलले नव्हते. बायको त्यांच्या पुस्तकांना ‘धुळीचं भांडवल’ म्हणायची आणि फडक्यापलीकडे त्यांना हात लावायची नाही. आणि पाव दोनदा तोलण्याचा प्रसंग तर पार पुढे, अर्ध्याच्याही पलीकडे होता. वरवर चाळणाऱ्याला तो दिसला नसता.

“तुला तो कारकून कुठे भेटला?” त्यांनी विचारले.

“कोण कारकून?”

“पाव तोलणारा.”

तिने मीठ जवळ ओढले. मिठाची गरज नव्हती. “असंच. ऐकलं असेल कुठेतरी.”

“तू ते पुस्तक वाचतेस.”

“वाचलं तर? घरातलंच आहे.”

“कधी वाचतेस?”

“तुम्ही वाचनालयात गेलात की.” तिने मीठ परत सारले. मग मान वर केली. “तुम्हाला आज विचारायचंच आहे तर मग सगळंच विचारा. शब्दकोशातलं पत्र मी वाचलंय. कपाट पुसताना खंड खाली पडला आणि त्यातून ते बाहेर आलं. माझ्या डोक्याबद्दलचं पत्र, माझ्याच घरात, माझ्यापासून लपवून. वाटलं, हे कळवत नाहीत म्हणजे नक्कीच काहीतरी आहे. तुम्ही माझ्याकडे पाहायचात तेही तसंच, उसवलेल्या शिवणीकडे पाहावं तसं. मग ठरवलं, आपली परीक्षा आपणच घ्यायची. रोज थोडी पानं वाचायची आणि दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशीची आठवून पाहायची.”

“आणि?”

“आठवतात.” तिचा आवाज उतरला. “सगळं नाही. नावं निसटतात. माणसं राहतात.”

एरवी प्रूफवाल्यांना यावर पुष्कळ काही वाटले असते. पण त्यांचे लक्ष टेबलावरच्या पुस्तकावर खिळले होते.

“वाचून झालं की ती वाचनखूण...”

“त्याच पानात ठेवते. तुमचं पान मी एकदाही चुकवलं नाही.”

“कोणतं टोक वर?”

“टोकाचं काय? कधी हे, कधी ते. खूण पानासाठीच असते ना?”

प्रूफवाले उठले तेव्हा खुर्ची मागे पडली. सकाळी टोचले होते. चष्मा आजच शोधला होता, चहा आजच गार झाला होता. आणि आत्ता, पाच मिनिटांपूर्वी, तिने सांगितले असताना, त्यांनी दुसऱ्यांदा टोचले होते. आणि आजच नव्हे.

त्यांना डॉक्टरांचा फोन लावायचा होता. लावला तो भाचीला. त्यांच्या तोंडून वाक्य धड निघेना. “मामा, सावकाश,” ती म्हणाली, “किती मात्रा? कधी?” आणि ऐकून घेतल्यावर तिचा आवाज बदलला. “आधी मामींना पोटभर जेवू द्या. मी ठेवते, तुम्ही लगेच त्यांच्या डॉक्टरांना सांगा. काही लपवू नका. मग मला परत फोन करा.”

डॉक्टर रागावले नाहीत, त्यामुळे प्रूफवाल्यांना आणखी शरमल्यासारखे झाले. उद्या सकाळपर्यंत तासातासाला साखर पाहा, मध्ये मध्ये खायला द्या, साखरेचे पाणी हाताशी ठेवा, साखर अमुक आकड्याखाली गेली किंवा त्या गुंगल्या तर सरळ रुग्णालयात आणा. प्रूफवाल्यांनी तो आकडा हातावर लिहून घेतला.

“म्हणजे तुम्ही मला दोन दोन टोचत होता,” बायको जेवता जेवता म्हणाली. “आणि वर वेडी ठरवत होता.”

“हो.”

“बरं झालं आज विचारलंत. मी तुमच्यावर चहाचा आळ घेत होते.”

दुपार कलली. पहिले दोन आकडे ठीक आले. तिसऱ्या वेळी तिच्या बोटाला घाम होता, रक्ताचा थेंब नीट धरेना. आकडा उतरला होता; हातावरच्या आकड्याच्या अगदी जवळ. प्रूफवाल्यांनी साखरेचे पाणी ढवळून पुढे केले.

तिने पेल्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. तीच परकी नजर.

“यात काय आहे?”

“साखर.”

“मला साखर वर्ज्य आहे. तुम्हाला माहीत आहे. तरी देताय.”

“अगं, आत्ता लागते. दुपारीच बोललो ना आपण, दोनदा टोचलं गेलं...”

“कोण बोललं? मी नाही.” ती खुर्ची मागे सरकवू लागली. हात थरथरत होते. “आधी टोचायचं, मग काहीतरी पाजायचं. मला सगळं कळतं. तुम्ही चित्रं काढायला मला तिकडे देणार आहात.”

भाचीला परत लावलेला फोन टेबलावर चालू होता, पलीकडून भाची ऐकत होती. “मामा, वाद घालू नका,” ती म्हणाली. “त्या मामी बोलत नाहीयेत, उपाशी मेंदू बोलतोय. बाकीचं शरीर थोडी साखर साठवून ठेवतं, मेंदूकडे जवळपास काहीच साठा नसतो. रक्तातली साखर खाली गेली की पहिली ओरड तिथे होते. पटवू नका. फक्त प्यायला लावा.”

पटवू नका म्हणणे सोपे होते. प्रूफवाल्यांना कुणालाच कधी काही करायला लावता आले नव्हते. छापखान्यात ते चुकीवरही प्रश्नचिन्ह टाकत, फुली मारत नसत. ते पेला धरून उभे राहिले. मग काय वाटले कोण जाणे, त्यांनी एक मोठा घोट स्वतः घेतला. तिच्या डोळ्यांदेखत गिळला. तोंड उघडून दाखवले, लहान मुलाने दाखवावे तसे.

“फार गोड झालंय,” ते म्हणाले.

ती पाहत राहिली. “तुम्हाला पाणीसुद्धा नीट करता येत नाही,” असे म्हणून तिने पेला ओढून घेतला आणि राहिलेले पिऊन टाकले. त्यांनी दुसरा केला. त्यातलाही पहिला घोट त्यांनाच घ्यावा लागला.

ते तिच्यासमोर बसून राहिले. हळूहळू कपाळावरचा घाम वाळला. तिने आपल्या हातांकडे पाहिले, मग टेबलावरच्या दोन पेल्यांकडे.

“काय काय बोलले मी?”

“काही नाही. पाणी नीट करता येत नाही म्हणालीस.”

“ते तर खरंच आहे.”

आकडा वर आला. ती रात्र दोघांनी बिस्किटे खात आणि बोटे टोचत काढली, आणि सकाळी डॉक्टरांनी त्या दिवसाचे इंजेक्शन किती द्यायचे ते फोनवर सांगितले. प्रूफवाल्यांनी मात्रा लावली आणि पेन तिच्या हातात दिले.

“आधी तू आकडा वाच,” ते म्हणाले.

तिने वाचला. त्यांनी टोचले. वाचनखुणेला कुणी हात लावला नाही.

दुपारी भाचीचा पुन्हा फोन आला तेव्हा प्रूफवाल्यांनी अडखळत विचारले, “म्हणजे तिला काहीच नाही ना? सगळं माझ्या सुईचंच?”

भाची लगेच ‘हो’ म्हणाली असती तर त्यांना बरे वाटले असते. ती म्हणाली, “दुपारचा तो घाम, तो संशय, तुमच्या सुईचा. ते थांबेल. पण अंगठ्यातलं टोपण शोधत होत्या त्या दिवशी साखर ठीक होती, मी स्वतः पाहिली होती. म्हातारपणी कुणाचंही होतं. किंवा नसेलही तेवढंच. मामा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीत रक्तात इन्सुलिन जास्त झालं आणि मेंदू उपाशी राहिला. दुसरीत मेंदूला इन्सुलिनची हाकच कमी ऐकू येते. पहिली तुम्ही केलीत आणि तिला दुसरी समजलात. दुसरी आहे की नाही, ते मला खरंच माहीत नाही. म्हणून तर बोलावते आहे.”

“आणि दोघांनीही का?”

“एकाच घरातलं, एकच जेवण जेवणारं, मधुमेह नसलेलं माणूस आम्हाला तुलनेला लागतं.”

“एवढंच?” त्यांनी घसा साफ केला. “मी तुला चहाचं दोनदा विचारलं होतं.”

“तीनदा,” भाची म्हणाली. “मी शाळेत होते तेव्हापासून तीनदाच विचारताय. नाही म्हटलेलं तुम्हाला कधी खरं वाटत नाही.”

फोन ठेवल्यावर त्यांनी बायकोला सगळे सांगितले. काही गाळले नाही. ती हातातले कापड दुमडत आणि उलगडत होती.

“मला भीती वाटते,” ती म्हणाली. “चित्रात काही दिसलं तर?”

“मलाही वाटते.”

“तुमचं काय? तुम्हाला मांजराचीही वाटते.” मग म्हणाली, “पण घरात बसून एकमेकांकडे चोरासारखं पाहायचं, ते आता होणार नाही माझ्याने. लिहा तिला. येतो म्हणावं.”

“फोनवर सांगितलं तरी चालेल.”

“पत्र तिने लिहिलंय. उत्तर पत्रानेच जाईल.”

प्रूफवाल्यांनी कागद घेतला. पहिला मसुदा दोन पानांचा झाला. त्यात उशीर का झाला याची कारणे होती, फवाऱ्याबद्दल सात शंका होत्या आणि रक्तवाहिन्या सैल होतात म्हणजे नेमक्या किती असा एक प्रश्न होता. बायकोने वाचून तो बाजूला ठेवला. दुसरा मसुदा एका पानाचा झाला. तिसऱ्यात ते इतकेच उरले: “आम्ही दोघेही येतो. मामी पुस्तक वाचते आहे. त्यातले तिला काय आठवते तेही विचार. माझ्या डोक्याची चित्रे काढलीस तर मला दाखवण्याआधी तिला दाखव. फवाऱ्याबद्दलच्या शंका तिकडे पोचल्यावर विचारीन.” खाली बायकोने स्वतःच्या वाकड्या अक्षरात लिहिले, “यांना चहा एकदाच विचारावा.”

दोघे बरोबर निघाले. कोपऱ्यावरची पेटी फार लांब नव्हती, पण बायको हळू चालत होती आणि प्रूफवाले पाकीट दोन्ही हातांनी धरून तिच्या चालीने चालत होते. पेटीच्या फटीत त्यांनी पाकीट अर्धे सारले आणि हात थांबला.

“तिकीट लावलं ना मी?” ते म्हणाले. तिकिटाची बाजू खाली होती, दिसत नव्हती. “पत्ता? घरक्रमांक?”

“लावलंत. पत्ताही बरोबर आहे. मी पाहिलाय.”

पाकीट बाहेर ओढून उलटे करायला काही वेळ लागला नसता. बोटांनी तशी सुरुवातही केली होती. प्रूफवाल्यांनी बायकोकडे पाहिले. ती रस्त्यापलीकडच्या माणसाच्या कोटाची मागची शिवण न्याहाळत होती आणि नापसंतीने मान हलवत होती.

“पाहिलंयस ना?” त्यांनी विचारले.

“हो म्हटलं ना.”

त्यांनी पाकीट सोडले. आत पडल्याचा आवाज झाला.